वडिलांचं घर सुटलं, नावं बदलली, पण पाच भावंडांनी गाणं सोडलं नाही : हिराबाई बडोदेकरांची गोष्ट

एखाद्या घरातली भावंडं मिळून बँड काढतात, अल्बम रिलीज करतात, आणि दोन दिवसांत त्यांचे रील आपल्या मोबाईलवर फिरायला लागतात. अख्खं कुटुंब एकत्र गातंय म्हटलं की आपल्याला कौतुक वाटतं. परदेशात तर असे फॅमिली बँड पिढ्यानपिढ्या चालतात.

पण आपल्याकडे असं एक घर शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेलंय. पाच भावंडं. एकाने गायचं, शिकवायचं आणि पेटीवर साथही करायची, बहिणींनी गायचं, सगळ्यांनी मिळून नाटक कंपनी चालवायची. ती बुडाली तर त्यातल्याच एका बहिणीने मैफली करून कर्ज फेडायचं. आणि या सगळ्यानंतर, साठी गाठताना, दोन बहिणींनी एकत्र बसून जुगलबंदी गायची आणि एच.एम.व्ही.ने तिच्या रेकॉर्ड काढायच्या.

या घराच्या मध्यभागी होत्या हिराबाई बडोदेकर.

त्यांचं नाव शास्त्रीय संगीतवाल्यांना माहीत असतं. बाकीच्यांनी ते फार तर आजीकडून ऐकलेलं असतं, रेडिओच्या आठवणीत. पण त्यांनी जे केलं त्याचा फायदा आज स्टेजवर माईक धरून उभ्या असलेल्या प्रत्येक मुलीला होतोय. कसा, ते समजायला गोष्ट थोडी मागून सुरू करावी लागते. थेट बडोद्याच्या राजवाड्यापासून.

१८९० च्या दशकात उत्तरेतल्या कैरानाहून एक तरुण गवई बडोद्याच्या दरबारात आला. नाव अब्दुल करीम खाँ. कैरानावरूनच त्यांच्या गायकीला किराणा घराणं म्हणतात, वाण्याच्या दुकानाशी त्याचा काही संबंध नाही. (हा गैरसमज अजूनही अधूनमधून भेटतो, म्हणून सांगितलं.) खाँसाहेबांचा आवाज असा होता की सूर लागला की लोक हलायचे नाहीत. बडोद्यात त्यांच्याकडे गाणं शिकायला आल्या ताराबाई माने. सरदार मारुतीराव मान्यांची मुलगी, आणि हे मारुतीराव म्हणजे बडोद्याच्या राजमातांचे भाऊ.

म्हणजे एकीकडे राजघराण्याच्या नात्यातली मराठा मुलगी आणि दुसरीकडे मुसलमान गवई. पुढे काय झालं असेल ते ओळखता येतं. दोघांना बडोदं सोडावं लागलं. तिथून मुंबई, आणि मग मिरज.

मिरज हे गाव नीट लक्षात ठेवा. तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांचं गाव, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याचं गाव. याच गावात १९०५ च्या मे महिन्यात हिराबाईंचा जन्म झाला. तेव्हा त्यांचं नाव हिरा नव्हतं. घरात त्या होत्या चंपाकली. पुढे सगळं जग हिराबाई म्हणायला लागलं तरी जवळची माणसं त्यांना शेवटपर्यंत चंपूताईच म्हणत राहिली. त्यांच्यापेक्षा थोरला भाऊ अब्दुल रहमान. धाकटी गुलाब, त्याहून धाकटी सकीना, तिला घरात छोटूताई म्हणायचे. आणि आणखी एक भाऊ.

घरात दिवसभर गाणंच. खाँसाहेबांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. विद्यार्थी घरातच राहायचे, घरातच जेवायचे आणि पहाटेपासून रियाज करायचे. त्या सगळ्यांच्या जेवणाखाण्याचं ताराबाईंना बघावं लागायचं. विद्यालयाचा खर्च भागवायला खाँसाहेब गावोगाव जलसे करायचे. आपल्या पाळीव कुत्र्यालाही सुरात आवाज लावायला त्यांनी शिकवलं होतं आणि त्याचा कार्यक्रमही केला होता, हे अगदी खरं आहे.

पण या घरात एक गंमत होती, खरं तर गंमत कसली. मुलाला गाणं शिकवायचं यात काही वाद नव्हता. मुलींनी मात्र मैफलीत बसून गावं याला खाँसाहेबांचा विरोध होता.

आज हे ऐकून राग येईल. तेव्हाचा हिशेब समजून घ्या. त्या काळात लोकांसमोर पैसे घेऊन गाणारी बाई म्हणजे गाणारणीच्या परंपरेतली बाई, असंच समीकरण होतं. तिचं गाणं कितीही मोठं असलं, उस्ताद तिच्या दारात शिकवायला जात असले, तरी तिला घरंदाज मानायची समाजाची तयारी नव्हती. गाणं श्रीमंताच्या दिवाणखान्यात व्हायचं, ऐकायला निवडक पुरुष असायचे आणि बिदागी यजमान द्यायचा. गाणाऱ्या बाईने नुसतं गाऊन भागत नसे. हातवारे, नजर, अदा हे सगळं त्यात धरलेलं असायचं. आपली मुलगी या जगात जाऊ नये असं गवयालाच वाटत होतं, कारण ते जग त्याने जवळून बघितलेलं होतं.

मग ते घर फुटलं. १९२० च्या आसपास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. कारणं नवरा-बायकोमधली होती. त्यावर नंतरच्या लोकांनी भरपूर लिहिलंय, इथे त्यात शिरायचं कारण नाही. महत्त्वाचं हे की ताराबाईंच्या हातात मुलं होती, आणि बाहेर समाज होता. अशा वेळी त्यांनी जो निर्णय घेतला तो साधा नव्हता. मुलांची नावंच बदलली. अब्दुल रहमानचा सुरेशबाबू माने झाला. गुलाबची कमलाबाई झाली, सकीनाची सरस्वती, दुसरा भाऊ कृष्णराव. आणि चंपाकली झाली हिराबाई. त्यांच्या नावापुढे ‘बडोदेकर’ लागलं, म्हणजे ज्या गावातून आईला निघावं लागलं होतं त्याच गावाचं नाव.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने हे बघा. बाप जिवंत आहे, देशभर त्याचं नाव गाजतंय. तुझ्या गळ्यातला सूर त्याचा आहे हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळतंय. पण तुझ्या नावात तो कुठेच नाही.

गाणं मात्र थांबलं नाही. ताराबाईंनी मुलांसाठी गुरू गाठले ते उस्ताद अब्दुल वहीद खाँ, किराण्याचेच आणि खाँसाहेबांच्या नात्यातले. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून संगीतवाले त्यांना बहिरे वहीद खाँ म्हणतात. ऐकू कमी येणारा माणूस गाणं कसा शिकवत असेल असं वाटेल, पण रागाची बढत करावी तर त्यांनीच. एकेक सूर घेऊन इतक्या सावकाश पुढे जायचे की एका रागात तासन् तास जायचे. शिस्त कडक होती. हिराबाईंनी ही तालीम काही वर्षं घेतली. त्यांच्या गाण्यातला संथ, घाई नसलेला विलंबित ख्याल इथून आलाय. आवाजातला गोडवा बापाचा, मांडणी वहीद खाँची.

१९२१ च्या सुमाराला, वय सोळाच्या आसपास असताना, मुंबईत पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परिषदेत त्या गायल्या. पलुस्कर हे स्वतःच एक प्रकरण होतं. गाणं दरबारातून बाहेर काढून मध्यमवर्गाच्या घरात नेण्याचा त्यांनी ध्यास घेतला होता. त्यांच्या व्यासपीठावर एका तरुण मुलीने गाणं म्हणजे एक प्रकारचा शिक्काच होता की हे गाणं सभ्य आहे.

आणि मग हिराबाईंनी ती गोष्ट केली ज्यासाठी त्यांचं नाव घेतलं जातं. तिकीट लावून मैफल.

स्त्री गायिकेचे तिकीट लावून जाहीर कार्यक्रम करण्याची सुरुवात हिराबाईंनी केली असं मानलं जातं. वरवर ही छोटी गोष्ट वाटते. तिकिटाने काय होतं? होतं असं, की यजमान मधून निघून जातो. एका श्रीमंत माणसाने बोलावलं, त्याने बिदागी दिली, म्हणून त्याच्या मर्जीने गायचं, हे नातंच तुटतं. खिशात पैसे असलेला कोणीही येऊ शकतो. कारकून येतो, मास्तर येतो. आणि मुख्य म्हणजे त्यांच्याबरोबर त्यांच्या बायका येतात, आया येतात, मुली येतात. दिवाणखान्यातल्या बैठकीला घरची बाई कधी गेली नसती. थिएटरात, तिकीट काढून, नवऱ्याशेजारी खुर्चीवर बसून दुसऱ्या बाईचं गाणं ऐकणं तिला जमलं.

एकदा समोर बायका बसल्या की मैफलीचं वातावरणच बदलतं. हिराबाईंनी ते ओळखलं होतं. त्यांचे जुने फोटो बघा. साधी साडी, खांद्यांवरून नीट घेतलेला पदर, तंबोऱ्याजवळ शांत बसलेल्या. हातवारे नाहीत, चेहरा वेडावाकडा नाही, श्रोत्यांकडे बघून अदा नाही. पुरुष गवई बसतो तशीच बैठक, आणि त्यातही जास्तच स्थिर. गाण्यात ख्याल असायचा, ठुमरी असायची, मग नाट्यपद आणि शेवटी भजन. रागदारी कळणारा खूश आणि न कळणाराही घरी काहीतरी गुणगुणत जायचा. शुद्धतावाद्यांना ही मिसळ फारशी पटत नसे, पण सभागृह भरायचं ते यामुळेच.

आता थोडं रेकॉर्डविषयी. तेव्हा ७८ च्या वेगाने फिरणारी लाखेची तबकडी होती, पडली की फुटायची. एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची. वहीद खाँकडे तासाभराचा राग शिकलेल्या मुलीला तो साडेतीन मिनिटांत बसवायचा होता. म्हणजे आजच्या भाषेत, तीन तासांच्या सिनेमाचा रील करायचा आणि तरी गोष्ट कळली पाहिजे. हिराबाईंना ते जमलं. त्यांच्या ख्यालांच्या, भावगीतांच्या आणि पदांच्या रेकॉर्ड घराघरांत गेल्या. ज्या गावांत त्यांचा कार्यक्रम कधी झाला नसता, तिथे फोनोच्या कर्ण्यातून त्यांचा आवाज पोचला. आणि त्या फोनोजवळ बसून घरातल्या बायकांना तो ऐकायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

इथपर्यंत एकटीची गोष्ट वाटते. पण १९२९ मध्ये या भावंडांनी मिळून भलतंच धाडस केलं. नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा काढली. म्हणजे सरळ भाषेत नाटक कंपनी. सौभद्र, संशयकल्लोळ, एकच प्याला अशी गाजलेली संगीत नाटकं आणि त्यात बायकांच्या भूमिका बायकाच करणार, पुरुषांच्या पुरुष.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? विशेष हे की तो बालगंधर्वांचा काळ होता. मराठी रंगभूमीवरची सगळ्यात सुंदर स्त्री पुरुष होती. बालगंधर्व नेसायचे तशी साडी बायका नेसायला लागल्या होत्या. फक्त बायकांच्या नाटक मंडळ्या होत्या, त्यात पुरुषांची कामंही बायकाच करायच्या. पण स्त्री आणि पुरुष एकाच रंगमंचावर समोरासमोर, हे घरंदाज प्रेक्षकाला झेपणारं नव्हतं. ज्या नाटकाने मराठी रंगभूमीवर हा बदल पक्का केला असं पाठ्यपुस्तकांत सांगतात, ते ‘आंधळ्यांची शाळा’ आलं १९३३ मध्ये. मान्यांच्या घरची कंपनी त्याच्या चार वर्षं आधीची.

हे शक्य झालं याचं एक कारण अगदी घरगुती आहे. रंगमंचावर बहिणींबरोबर भाऊ होता. सुरेशबाबू, हिराबाई, कमलाबाई, सरस्वतीबाई एकाच कंपनीत, आणि पाठीशी आई. बाई एकटी परक्या पुरुषांत गेली असं म्हणायला जागाच कमी होती. कुटुंब हे इथे ढालीसारखं वापरलं गेलं. ते बरं की वाईट यावर वाद घालता येईल, पण त्या वेळी दुसरा रस्ता दिसत नाही.

कंपनी टिकली का? नाही. नाटक कंपनी म्हणजे शंभर खर्च. पडदे, कपडे, पेटीवाले, तबलजी, आचारी, गावोगावचा रेल्वेप्रवास आणि पावसाळ्यात बसून पगार. त्यात १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’, आणि पडदाच बोलायला लागला. नाटकाच्या एका तिकिटाच्या पैशांत सिनेमा अनेकदा बघता यायचा. भल्याभल्या कंपन्या त्या लाटेत बसल्या, ही पण बसली. मागे राहिलं कर्ज.

ते फेडलं हिराबाईंनी. मैफली करून. गाडीत बसायचं, गाव गाठायचं, गायचं, पुढच्या गावाला निघायचं. चार भिंतींत राहणारी बाई म्हणून त्यांचे फोटो बघणाऱ्यांनी हा प्रवास डोळ्यांसमोर आणावा. सिनेमातही त्यांनी काम केलं, बाबुराव पेंटरांच्या १९३७ च्या ‘प्रतिभा’मध्ये त्या होत्या. पण त्यांचा जीव तिथे रमला नाही असंच दिसतं, कारण त्या पुन्हा पुन्हा मैफलीकडेच आल्या.

त्याच वर्षी, १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये, अब्दुल करीम खाँ गेले. दक्षिणेत पाँडिचेरीकडे रेल्वेने निघाले होते. वाटेत बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमाळकोइल नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरले. प्लॅटफॉर्मवर अंथरूण टाकलं, तंबोरा लावायला सांगितला, दरबारी कानड्यात प्रार्थना म्हटली आणि तिथेच गेले. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं. ज्या गावात चंपाकली जन्मली त्याच गावात. तिथल्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ अजूनही गाणं होतं आणि मोठमोठे गायक तिथे हजेरी लावतात.

बापाने मुलींना मैफलीत गाऊ द्यायला नकार दिला होता, आणि बापाचा सूर मैफलीत सगळ्यात लांबपर्यंत नेला तो मुलीनेच. याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

बाकीच्या भावंडांचं काय झालं? सुरेशबाबूंबद्दल खरं तर वेगळा लेख लिहावा लागेल. आवाजाने त्यांना हवी तशी साथ दिली नाही, पण गाण्याची समज विलक्षण होती. पेटी वाजवायचे, ठुमरी अशी सांगायचे की ऐकणारा गार. वसंतराव देशपांडे, माणिक वर्मा, प्रभा अत्रे ही माणसं त्यांच्याकडे शिकली. १९५३ मध्ये, पन्नाशीतच ते गेले. त्यांच्या मागे प्रभाताईंची तालीम हिराबाईंनी पुढे नेली. म्हणजे भावाचा अर्धा राहिलेला धडा बहिणीने पुरा केला.

सरस्वतीबाईंचं लग्नानंतरचं नाव सरस्वती राणे. १९४३ च्या ‘रामराज्य’ सिनेमातलं वीणेचं ते भीमपलासीतलं गाणं त्यांचं. संगीत शंकरराव व्यासांचं. ते इतकं गाजलं की ज्यांना किराणा घराणं म्हणजे काय हे माहीत नव्हतं तेही ते गात होते. पार्श्वगायनाच्या अगदी सुरुवातीच्या आवाजांत त्यांची गणना होते. याच ‘रामराज्य’ची आणखी एक ओळख म्हणजे तो गांधीजींनी पाहिलेला सिनेमा.

हिराबाई १९४९ मध्ये पूर्व आफ्रिकेत आणि १९५३ मध्ये भारतीय शिष्टमंडळाबरोबर चीनमध्ये जाऊन आल्या. म्हणजे तीस वर्षांपूर्वी जिला सभ्य समाजात गाऊ द्यायचं की नाही यावर खल चालला होता, ती आता देशाच्या वतीने परदेशात गात होती.

१९६५ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. साठीच्या झाल्या होत्या. इतर कोणी असतं तर आता थोडं कमी करूया म्हणालं असतं. पण याच सुमाराला चंपूताई आणि छोटूताई एका व्यासपीठावर शेजारी शेजारी बसल्या आणि दोघींनी मिळून राग गायला घेतला.

जुगलबंदी तोवर होत नव्हती असं नाही, पण ती वादकांची किंवा पुरुष गायकांची. दोन स्त्रियांनी ख्यालाची जुगलबंदी करायची ही प्रथा या दोघींनी सुरू केली असं सांगितलं जातं. ती दिसते त्यापेक्षा अवघड असते. दोघींची पट्टी जमावी लागते. एकीने सूर धरला की दुसरीने कुठे घुसायचं हे डोळ्यांनी नाही, श्वासाने कळावं लागतं. एकीने दुसरीवर कुरघोडी केली की रागाचं वाटोळं होतं. इथे दोघींमध्ये आठ वर्षांचं अंतर होतं, पण तालीम एका घरातली, आणि आयुष्याचे चटकेही एकाच घरातले. एच.एम.व्ही.ने त्यांच्या जुगलबंदीच्या रेकॉर्ड काढल्या, त्या खपल्या. तोवर मोठ्या एल.पी. आल्या होत्या, त्यामुळे साडेतीन मिनिटांची कात्रीही गेली होती. वहीद खाँनी शिकवलेली सावकाश बढत निदान थोडी तरी तबकडीवर मावायला लागली होती.

१९७० मध्ये हिराबाईंना पद्मभूषण मिळालं.

अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरसारख्या साखर कारखान्याच्या गावात शाळेचं स्नेहसंमेलन असतं, एखादी सातवीतली मुलगी पेटीच्या साथीवर नाट्यपद म्हणते. आईबाप पहिल्या रांगेतून मोबाईलवर व्हिडिओ काढतात आणि रात्री स्टेटसला टाकतात. त्यांच्यापैकी कोणालाही हे गैर वाटत नाही, उलट अभिमान वाटतो. १९२१ मध्ये हे चित्र कोणी सांगितलं असतं तर लोक हसले असते.

हिराबाई २० नोव्हेंबर १९८९ ला गेल्या, वय चौऱ्याऐंशी. सरस्वतीबाई त्यांच्यानंतर सतरा वर्षं होत्या, २००६ पर्यंत. सुरेशबाबूंकडे आणि मग हिराबाईंकडे शिकलेल्या प्रभा अत्रे यांना २०२२ मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि जानेवारी २०२४ मध्ये, नव्वदी ओलांडून, त्याही गेल्या.

दोघी बहिणींची जुगलबंदी आज इंटरनेटवर सहज सापडते. हेडफोन लावून ऐका, आणि पहिली पाच मिनिटं पुढे ढकलू नका. सुरुवातीला आवाज कोणता कोणाचा ते कळेल. मग एक जागा अशी येते की ते ओळखणं सुटतं.